वाटेवरचे दगड आणि आपले गाव

(श्री भैरवनाथ मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त सभामंडपात झालेल्या ग्रामस्थांच्या सभेतील भाषण)



कीर्तनकार बुवांच्या रसाळ वाणीनंतर माझ्यासारख्या कचेरीतल्या माणसाला उभे करणे म्हणजे पुरणपोळीनंतर पिठले वाढण्यासारखे आहे. मी काही इतिहासकार नव्हे. माझे शिक्षण एस. एस. सी. तहसील कचेरीत लिपिक म्हणून नोकरी करतो. जावक बारनिशी, दाखले, जुन्या नोंदींच्या नकला, हे माझे रोजचे काम. तरीही समितीचा आग्रह पडला की, "दादा, तुम्ही दफ्तरात बसता, तेव्हा गावाच्या इतिहासावर चार शब्द तुम्हीच बोला." वडीलधाऱ्यांचा शब्द मोडवेना, म्हणून उभा राहिलो आहे. चुकेल तिथे सांभाळून घ्यावे.

आमच्या खात्याची एक रीत आहे. कागद असेल तर कागद बोलतो. कागद नसेल तर जागेवर जायचे, पंच बोलवायचे आणि डोळ्यांना दिसेल ते लिहून काढायचे. यालाच पंचनामा म्हणतात. आपल्या गावाची बखर नाही, ताम्रपट नाही, की कोण्या इंग्रज साहेबाने आपल्यावर पुस्तक लिहिले नाही. मात्र फाट्यापासून या देवळापर्यंत चालत आले, तर वाटेवर पाच ठिकाणी दगड उभे आहेत, काही आडवे पडले आहेत. त्या दगडांचा पंचनामा आज मी करणार आहे. पंच म्हणून आपण सर्व जण बसलेलाच आहात.

पहिला दगड फाट्यावरचा. रिक्षा थांबतात तिथे चहाच्या टपरीशेजारी एक डोक्याला गोल असलेला दगड आहे. त्यावर पोरे बसतात. हा जुना मैलाचा दगड. त्यावरचे आकडे झिजले आहेत, पण बोट फिरवले तर लागतात. आजचे अंतराचे दगड किलोमीटरचे आहेत. आपल्या देशात वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला, आणि त्यानंतर हळूहळू मैल, फर्लांग, शेर, मण हे सगळे व्यवहारातून गेले. तेव्हा हा दगड त्याआधीचा, एवढे तर कोणीही सांगू शकेल. मुलांनो, आजच्या दगडांचेही एक वाचन असते. डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवे असेल तर राज्य महामार्ग.

हे अंतर कुठून मोजत, असे कोणी विचारील. पुण्यात मुख्य टपाल कचेरीजवळ एक शून्य मैलाचा दगड आहे. तो १८७२ सालचा. नागपूरला असाच, परंतु मोठा, चार घोड्यांचा शून्य मैलाचा स्तंभ आहे. इंग्रजांनी साऱ्या हिंदुस्थानची मोजणी केली. तिची सुरुवात मद्रासकडे १८०२ साली झाली. त्या मोजणीच्या खुणा अशा ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. म्हणजे आपल्या टपरीजवळचा दगड एकटा नाही. तो एका मोठ्या साखळीचा दुवा आहे. आपल्या वाडवडिलांनी याच दगडापाशी बैलगाड्या सोडून न्याहारी केली असेल, आणि सैन्यात भरती व्हायला निघालेली पोरे इथूनच वळून गावाकडे पाहत गेली असतील.

दुसरा दगड त्याहून जुना आणि अधिक मानाचा. ओढ्यावरची मोरी ओलांडली की डाव्या हाताला बाभळीखाली शेंदूर लावलेला एक ओबडधोबड धोंडा आहे. बायाबापड्या त्याला म्हसोबा समजून नारळ फोडतात. फोडोत, हरकत नाही. परंतु तो मुळात आपल्या शिवेचा दगड आहे. तिथे आपली, पलीकडच्या वाडीची आणि नदीकाठच्या गावाची अशा तीन शिवा मिळतात. गाव नकाशा काढून पाहावा, तीन रेघा बरोबर त्याच जागी येऊन भेटतात.

इंग्रजी राज्यात जमिनीची पद्धतशीर मोजणी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातून १८३६ साली सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट असे दोन साहेब होते. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे भाग सोळा, म्हणून ते सोळा आणे. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आज आपल्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात आणि उतारा संगणकातून निघतो, तरी बांधावर भांडण लागले की तोंडात गुंठाच येतो. ती साखळी अजून आपल्या जिभेवर आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. मोजणी येण्यापूर्वी शेकडो वर्षे शिवेचे तंटे कसे मिटत? नकाशा नव्हता, साखळी नव्हती. त्या वेळी साक्ष चाले ती गावच्या महाराची. शीव कुठून कुठे जाते, कोणत्या ओहोळातून वळते, कोणता दगड खरा आणि कोणता कोणी रात्रीतून सरकवलेला, हे त्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक असे. तो शिवेवरून चालत जाई आणि त्याची पावले पडत तिथे गावाची हद्द ठरे. वेस राखणे, सारा कचेरीत पोहोचविणे, सरकारी माणसाला वाट दाखविणे, ही कामेही त्याचीच. त्याबद्दल वतनाची जी जमीन मिळे ती थोडी, आणि वेठ मात्र रात्रंदिवसाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या वतनाच्या जोखडाविरुद्ध मुंबई कायदे कौन्सिलात १९२८ साली विधेयक मांडले होते. पुढे स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून कनिष्ठ गावकामगारांची वतने संपुष्टात आली.

बंधूंनो, हे देवळाच्या समारंभात कशाला, असे एखाद्याच्या मनात येईल. मी मुद्दाम बोलतो आहे. ज्या माणसाच्या शब्दावर आपल्या साऱ्या गावाची हद्द टिकली, त्या माणसाला आपण या देवळाच्या पायरीपाशी येऊ देत नव्हतो. शीव कुठे आहे हे त्याने सांगायचे आणि तुझी शीव कुठवर हे आपण त्याला सांगायचे, असा तो न्याय होता. आज देऊळ नवे झाले. सप्ताहाच्या पंगतीला सगळा गाव एकत्र बसला, हे मी डोळ्यांनी पाहिले आणि फार बरे वाटले. माझी समितीला पहिली विनंती अशी की, त्या शिवेच्या दगडाजवळ आपण जी पाटी लावू, त्या पाटीवर या शीव राखणाऱ्या माणसांचा उल्लेख असावा आणि तिचे अनावरण आपल्या बौद्ध वस्तीतील वयाने वडील असलेल्या गृहस्थांच्या हस्ते व्हावे. पंगतीतले जेवण दुसऱ्या दिवशी विसरते, दगडावर लिहिलेले राहते.

जाता जाता खात्याची सूचनाही देऊन ठेवतो. हद्दीच्या खुणा नीट ठेवण्याची जबाबदारी कायद्याने जमीनधारकावर आहे, आणि त्या मोडणे किंवा हलविणे हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे दंडास पात्र असा प्रकार आहे. ट्रॅक्टरच्या फाळाला दगड लागला म्हणून तो उपटून ओढ्यात टाकण्याची रीत अलीकडे पडली आहे, ती बरी नव्हे. दहा हजारांचा दावा आणि भावाभावांतले वैर त्या एका दगडाने वाचते.

तिसरा दगड देवाच्या शेताच्या कडेला आहे. त्याच्याविषयी बोलताना जरा जपून बोलतो, कारण समोर माता-भगिनी बसल्या आहेत. या दगडाच्या माथ्यावर सूर्य आणि चंद्र कोरलेले आहेत, आणि खाली एक गाढव व एक स्त्री यांचे चित्र आहे. पोरे त्याला हसतात, मोठी माणसे नजर चुकवतात. काही वर्षांपूर्वी कोणीतरी त्यावर डांबर ओतले. बंधूंनो, अभ्यासक याला गद्धेगाळ म्हणतात, काही जण गधेगळ म्हणतात. हा असभ्य माणसाने कोरलेला दगड नव्हे. हा सरकारी दगड आहे, राजाचा हुकूम आहे.

त्याचा अर्थ असा. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने देवाला, मठाला किंवा एखाद्या गृहस्थाला जमीन दिली, किंवा उत्पन्न लावून दिले. ते दान कुठवर चालायचे? आकाशात सूर्य-चंद्र आहेत तोवर. म्हणून वर सूर्य-चंद्र. आणि ते दान जो कोणी मोडील, त्याच्या आईची अशी विटंबना होवो, ही शापवाणी खालच्या चित्रात. वाचता न येणाऱ्या माणसालाही ती कळावी म्हणून ती कोरून दाखवली. आमच्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्याच्या इतर हक्कातला हा शेरा आहे, फक्त शाईऐवजी छिन्नीने मारलेला.

मला एक गोष्ट मात्र खटकते, ती स्पष्ट बोलतो. जमीन खाणारा पुरुष, आणि शाप त्याच्या आईला! गुन्हा एकाचा, अब्रू दुसऱ्याची. आजही शिवी देताना आपण तेच करतो. तेव्हा या दगडापुढून जाताना हसण्याऐवजी आपल्या तोंडातल्या शिव्या आठवाव्यात. हजार वर्षांपूर्वीचे ते अज्ञान, आणि आजचे काय?

परंतु खटकते म्हणून दगड फोडावा काय? मुळीच नाही. अलिबागजवळ अक्षी गावी असाच एक दगड आहे. त्यावरही सूर्य-चंद्र, त्यावरही तेच गाढवाचे चित्र, आणि वर मराठीत लेख. महालक्ष्मी देवीसाठी धान्य नेमून दिल्याचा तो शिलाहारांच्या काळचा लेख आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा वाचला. काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, तरी आपल्या मराठीच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूर जिल्ह्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे. तो सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. अक्षीचा दगड कितीतरी वर्षे रस्त्याच्या कडेला ऊनपावसात उभा होता. येणारे-जाणारे त्याला काय म्हणत असतील, ते आपण आपल्या दगडावरून ताडावे.

शिवाय या दगडाशी आपल्या देवाचा व्यवहार गुंतलेला आहे. तो उभा आहे ती जमीन देवस्थान इनाम, वर्ग तीन. गाव नमुना तीनमध्ये, म्हणजे दुमाला जमिनींच्या नोंदवहीत, तिची नोंद आहे. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमले आणि कागद नाही म्हणून किती तरी इनामे खालसा केली. आपल्या देवाची राहिली. वर्ग तीनची जमीन परवानगीवाचून विकता येत नाही, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे. हल्ली रस्त्याकडेच्या गुंठ्याला भाव आला आहे. जमिनीपाशी मोटारी थांबून माणसे पावलांनी अंतर मोजताना दिसू लागली आहेत. अशा वेळी तो डांबर फासलेला दगडच देवाच्या बाजूने उभा आहे. डांबर काढावे, आणि दगड जिथे आहे तिथेच ठेवावा. तो हलवला तर त्याची साक्ष गेली.

चौथा दगड चावडीच्या भिंतीतला. हा संगमरवराचा आहे आणि त्यावरची अक्षरे इंग्रजी आहेत, म्हणून बहुतेकांनी तो वाचलेला नाही. त्यावर एवढेच आहे की, १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आपल्या सातारा जिल्ह्यात अशा पाट्या गावोगावी आहेत. आपल्याच जिल्ह्यातले अपशिंगे तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखले जाते. त्या लढाईत मराठ्यांच्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या. कूट नावाच्या गावी आपले जवान महिनोन् महिने वेढ्यात अडकले, अन्नावाचून हाल झाले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेला शरण जावे लागले. पुढचे दिवस कैदेत गेले, आणि त्यात कितीतरी जण दगावले.

आपल्या पाटीवर आकडा आहे, नावे नाहीत. मला हे नेहमी टोचते. आकडा आमच्या कचेरीत शोभतो. पिकाची आणेवारी आकड्यात असावी, गुरांची गणती आकड्यात असावी. पण माणूस? इराकच्या वाळूत जो गेला, त्याचे नाव त्याच्या आईने बारशाला ठेवलेले होते. इंग्रज सरकारला ते लिहायला जागा पुरली नाही. आपल्यालाही शंभर वर्षांत लिहायला सवड झाली नाही.

अजून वेळ गेलेली नाही. घराघरांत जुनी पदके आहेत, ट्रंकेच्या तळाशी पेन्शनची बुके आहेत, देव्हाऱ्यात टाक आहेत. आजीच्या तोंडी "आमचे थोरले आजेसासरे बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत" एवढे वाक्य अजून आहे. शाळेतल्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत घरोघर जाऊन ही नावे उतरून काढावीत. पाटीवरच्या आकड्याइतकी नावे भरली की चावडीत त्या पाटीखाली मराठीत दुसरी पाटी लावावी. नावे कमी भरली तर तेवढ्या ओळी कोऱ्या ठेवाव्यात, परंतु ओळी सोडाव्यात. आणि त्याच भिंतीवर १९४२ च्या लढ्याचीही आठवण असावी. आपल्या जिल्ह्यात ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबारात माणसे पडली. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार याच मातीत चालले. एकाच गावातून एक जण साहेबाच्या पलटणीत गेला आणि दुसरा साहेबाच्या विरुद्ध उभा राहिला. दोघेही आपलेच होते. दोघांनाही त्या भिंतीवर जागा आहे.

आता पाचवे ठिकाण, आणि ज्यासाठी मी खरे तर उभा राहिलो ते. या देवळाच्या पूर्वेला, जुन्या पिंपळाखाली, चार वीरगळ आणि एक सतीशिळा आहे. त्यांतले दोन वीरगळ उभे आहेत. एक आडवा पडला आहे, आणि त्यावर पंधरा-वीस वर्षे कपडे धुतले गेले. चौथा पालथा आहे.

वीरगळ हा शब्द कानडीतून आला. कानडीत कल्लु म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगळ. तो खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खाली वीर पडलेला असतो, पुष्कळदा शेजारी गाई दाखवलेल्या असतात. त्याच्यावरच्या चौकटीत लढाई असते, ढाल-तलवारीची किंवा घोड्यावरची. त्याच्या वर अप्सरा त्या वीराला स्वर्गात नेत असतात. आणि सर्वांत वर तोच वीर महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला. माथ्याला कलश, आणि बाजूला पुन्हा तेच सूर्य-चंद्र.

आपल्या चारांपैकी तीन दगडांवर खाली गाई आहेत. याचा अर्थ काय? ही राजाच्या राज्यासाठी झालेली मोठी लढाई नव्हे. कोणीतरी रात्री येऊन गावची गुरे वळवून नेऊ लागले, आणि आपल्यातला एक जण काठी, कोयता, जे हाती लागेल ते घेऊन आडवा गेला. गुरे बहुधा परत आली, तो आला नाही. गावाने वर्गणी काढून दगड उभा केला असेल. तो कोणत्या जातीचा, कोणत्या भावकीचा, हे दगडावर लिहिलेले नाही. त्यामुळे तो आपल्या सर्वांचा पूर्वज मानायला कोणाची हरकत असू नये. हल्ली भावकीनुसार खांबावर देणगीदारांची नावे कोरण्याचा आग्रह फार होतो. पिंपळाखालच्या माणसाने देणगी म्हणून जीव दिला, आणि नाव कोरून घेतले नाही.

अशा वीरगळांचा अभ्यास मोठमोठ्या विद्वानांनी केला आहे. सेत्तर आणि जर्मन पंडित सोन्थायमर यांनी स्मारकशिळांवर १९८२ साली इंग्रजीत मोठा ग्रंथ काढला. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर गावी सहा वीरगळ आहेत, त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. फार लांब जायला नको. वाई तालुक्यातच, चंदन-वंदनच्या पायथ्याशी किकली गाव आहे. तिथल्या भैरवनाथाच्या देवळाजवळ इतके वीरगळ आहेत की लांबलांबून माणसे ते पाहायला येतात. देव तोच, दगड तसेच. त्यांचे ओळीने उभे आहेत आणि आपले कपडे धुवायला.

त्यांच्या शेजारची सतीशिळा आपण ओळखावी. कोपरात वाकलेला बाईचा हात, हातात चुडा, पंजा वर केलेला. वीर पडला आणि त्याच्यामागे त्याची बायको चितेवर गेली, त्याची ती खूण. या दगडापुढे उभे राहिले की मान खाली जाते, ती त्या बाईच्या दुःखापुढे. त्या प्रथेला मात्र नमस्कार नको. मुंबई इलाख्यात ती १८३० साली कायद्याने बंद झाली, आणि सतीचा गौरव करण्यालाही १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून या शिळेला साडी नेसवणे, यात्रा भरवणे असले काही कोणी सुरू करू नये. तिच्याशेजारी एवढेच लिहावे की, या गावातली एक लेक किंवा सून अशी गेली, पुन्हा कोणी अशी जाऊ नये.

आता कामाचे बोलतो. देवळापुढच्या पटांगणात फरशी बसायची आहे. रस्ता दहा फुटांनी रुंद व्हायचा आहे. चर्चेत असे कानावर आले की, हे जुने दगड भरावात घालावेत, म्हणजे खडीचा खर्च वाचेल. दुसरी सूचना अशी की, त्यांना ऑईलपेंट मारून कमानीत बसवावेत, म्हणजे शोभा येईल. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, देवाचा पैसा वाचावा हाच आहे. परंतु मी हात जोडून सांगतो, या दोन्ही गोष्टी करू नयेत. दोन ब्रास खडी गावाला भारी नाही. मुंबईकर मंडळींनी मनावर घेतले तर आज संध्याकाळच्या आरतीपूर्वी तेवढी वर्गणी जमेल.

मग काय करावे? खर्च थोडा आहे. पालथा दगड चार माणसांनी दोरखंड लावून अलगद उलटावा, जेसीबीने नको. साध्या पाण्याने आणि मऊ कुंच्याने धुवावा. ॲसिड, तारेचा ब्रश, रंग, यांपैकी काहीही लावू नये. पिंपळाच्या मुळांना धक्का न लावता दगडी ओटा करावा आणि त्यावर पाचही दगड उभे करावेत. उभे करण्यापूर्वी प्रत्येकाचे चारही बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि कोणता कुठे होता याचे टिपण ठेवावे. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक पुरातत्त्व खात्याकडे पाठवावी. अर्जाचा मसुदा मी लिहून देतो, ते माझे रोजचेच काम आहे.

आणखी एक कायद्याची गोष्ट. पाया खणताना नाणी, ताम्रपट, मूर्ती असे काही सापडले, तर ते खिशात घालू नये आणि सराफाकडेही नेऊ नये. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर कलेक्टरसाहेबांना कळवावे लागते. आणि शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, नाणी ही १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतात. कागदोपत्री त्रास होईल म्हणून लोक लपवतात, आणि मग वस्तू जाते व इतिहासही जातो.

कोणी म्हणेल, दगडांनी पोट भरते का? नाणेघाटाच्या वाटेवर दगडात कोरलेला जकातीचा रांजण आहे, आणि शेजारच्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षे बैल आणि माणसे त्याच्यापुढून चढली-उतरली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यासाठी जे पुरावे मांडले गेले त्यांत त्या लेखाचाही उल्लेख होता. घाटवाटेवरचा एक दगड सबंध भाषेच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर शिलालेख आहे, म्हणून वीरूबाई भोसल्यांचे नाव आणि शके १६४१ ते १६४६ हा काळ आज आपल्याला ठाऊक आहे. तसल्याच कितीतरी विहिरी कोणी बांधल्या हे कोणालाच माहीत नाही, कारण लेखाचा दगड कोणीतरी पायरीला वापरला.

आपले देऊळ सुंदर झाले आहे. शिखर लांबून दिसते, कळस उन्हात चमकतो. या कामासाठी ज्यांनी रोजगार बुडवून श्रमदान केले, ज्या मायबहिणींनी डोक्यावरून पाणी वाहिले, ज्या म्हाताऱ्यांनी पेन्शनीतून शंभर-शंभर रुपये दिले, त्या सर्वांना माझा नमस्कार. देवाला घर मिळाले. आता देवाच्या दारातल्या माणसांनाही जागा द्यावी, एवढेच मागणे आहे. पटांगणाचे काम सोमवारी सुरू होणार आहे. त्याआधी, म्हणजे उद्या काल्याच्या कीर्तनानंतर, समितीने ग्रामस्थांपुढे हा विषय ठेवावा आणि ठराव करून इतिवृत्तात लिहावा. तोंडी होकार नको. तोंडी होकार काय असतो, ते कचेरीत बसणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

 अध्यक्षमहाराजांची परवानगी घेऊन खाली बसतो.

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं! जय हिंद, जय महाराष्ट्र!